अक्काच्या गाडीची दुसरी टाकी

बेंगळुरात कुठल्याही बऱ्यापैकी दर्शिनीत तुम्ही उभ्याउभ्या इडली खाल्ली असेल, तर आत स्वयंपाकघरात आमचं एखादं भांडं असणारच. सांबाराची पिंपं, इडलीचे स्टीमर, कॉफीच्या डिकॉक्शनच्या टाक्या, सगळं स्टेनलेस स्टीलचं. पीण्या नावाच्या औद्योगिक क्षेत्रात, अगदी आतल्या गल्लीत आमची शेड आहे. वडिलांनी काढली, आता मी आणि माझा मोठा भाऊ चालवतो. मी त्याला अण्णा म्हणते, गल्लीही अण्णाच म्हणते. कामाची वाटणी सोपी आहे. पत्रा आखणं, कापणं, वेल्ड करणं माझ्याकडे. घासणं, पॉलिश आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलणं अण्णांकडे. गोड बोलणं माझ्याकडे का नाही, ते पुढे कळेलच.

आमच्या घराण्याला या गावात किती पिढ्या झाल्या ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. घरी मराठीच बोलतो, पण त्या मराठीत ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘ठीक’साठी ‘सरी’ हे कानडी शब्द इतके मुरलेत की पुण्याचे पाहुणे आले की तोंडाला रुमाल लावून हसतात. हसू देत. त्यांच्या गावात असली इडली मिळते का?

तर एका शनिवारी दुपारी मी अण्णांवर तावातावानं ओरडत होते. कशावरून ते आता आठवत नाही, पण बरोबर मीच असणार. तेवढ्यात शेडच्या दारात एक मोटारसायकल धडधडत येऊन थांबली. अंगात जाड जॅकेट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. हेल्मेट काढलं तर आतून पांढऱ्या केसांचा अंबाडा निघाला. मला वाटलं, पत्ता विचारायला आली असेल.

“मराठी नव्हं तुम्ही?” ती म्हणाली. “भांडण मराठीत ऐकलं आन् आत आलो मी.”

निपाणीकडची होती. तिकडच्या बायका स्वतःबद्दल आलो-गेलो असंच बोलतात. व्हाइटफील्डच्या एका ऑफिसात हिशेबाच्या खात्यात तिची नोकरी. माझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून पहिल्या चहाच्या आतच मी तिला अक्का म्हणायला लागले. एरवी गिऱ्हाइकाशी बसल्या जागेवरूनच गोड बोलणारे माझे अण्णाही तिच्यासाठी खुर्ची पुसायला उठले.

अक्काला लडाखला जायचं होतं. या गाडीवर आणि एकटीनं. तिकडे एक लांबलचक पट्टा असा आहे की मध्ये पेट्रोलपंपच नाही. तिची गाडी जुनी, एका सिलिंडरची, जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरची, आणि टाकी लहान. चढावर सामानासकट जायचं म्हटलं तर त्या टाकीवर पलीकडे पोचण्याचा भरवसा नाही. त्यामुळे लोक गाडीला दोन्ही बाजूंनी पेट्रोलचे कॅन बांधून नेतात.

“मग कॅन घ्या की,” मी म्हणाले. “दुकानात हवे तेवढे मिळतात.”

“मिळतात. उचलायचा कुणी?” तिनं उजवा हात वर करून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. “गाडीवरनं पडलो नाही हं. न्हाणीत पाय घसरला. लोकांना सांगताना लाज वाटती.”

हँडल धरायला हात छातीच्या वर न्यावा लागत नाही, म्हणून गाडी ती झकास चालवायची. पण भरलेला कॅन उचलून टाकीच्या तोंडाशी तिरका धरणं तिला शक्यच नव्हतं.

“गेल्या खेपेला ग्रुपबरोबर गेलो होतो,” ती म्हणाली. “गाडी थांबली की पोरं पळत येणार. ‘अक्का, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!’ पोरं गुणी आहेत गं, जीव लावतात. पण ते ‘आम्ही आहोत ना’ ऐकून ऐकून कान किटले माझे. मला एकदा कुणी नसताना जायचंय. दुसरा खांदापण कुरकुरायला लागलाय. पुढच्या वर्षीचं कोण सांगणार?”

तिला गाडीच्या मागच्या बाजूला बसणारी जादा टाकी हवी होती. पंपावर भरून घ्यायची आणि पुढचं पेट्रोल संपलं की नुसता नळ फिरवायचा. उचलायला नको, ओतायला नको. सहा दुकानं हिंडून झाली होती, आणि सगळ्यांनी तिला हसून कॅन दाखवले होते.

“होईल,” मी म्हणाले. आतून अण्णांचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी चांगला ओळखते. त्याचा अर्थ ‘तोंड आवर’.

ती गेल्यावर अण्णा सुरू झाले. ज्या छपराखाली लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तू होतात तिथे पेट्रोल आणायचं? सांबाराचं पिंप गळलं तर फरशी पुसता येते, पेट्रोलची टाकी गळली तर खाली तापलेलं इंजिन असतं. तुला कळतं का काही? माझं डोकं तडकलं. इतकी वर्षं मी पत्र्याशी झुंजतेय आणि मला कळत नाही? एक टाकी करायची कुवत नसेल तर ही शेड काय नुसती इडल्यांसाठी आहे? असं बरंच बोलले. शेवटी अण्णांनी हात जोडले.

“कर बाई. पण एक थेंब जरी गळला, तर पुन्हा या शेडमध्ये टाकीचं नाव काढायचं नाही. सरी?”

“सरी,” मी म्हणाले.

त्या पुढच्या दिवसांत मी किती सुखात होते काय सांगू! पिंप म्हणजे काय, गोल वळवा, तळ लावा, झालं. इथे प्रत्येक गोष्टीला विचार करावा लागत होता. मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून मी टाकीचा आकार केला आणि अक्काला गाडीवर बसवून तो तिच्या पाठीमागे धरून पाहिला. कंबरेला टोचत होता, खालून कापला. नळ डाव्या मांडीच्या मागे आणला, तिचा हात सहज पोचेल असा. पेट्रोल आपल्या वजनानंच खाली उतरायला हवं, म्हणून टाकीचा तळ इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरपेक्षा उंच ठेवला. आत भोकं पाडलेले पत्र्याचे दोन पडदे घातले. अर्धी भरलेली बादली घेऊन चाललं की पाणी कसं एका बाजूला धाव घेतं, तसं वळणावर पेट्रोलनं केलं तर अक्का गाडीसकट दरीत जायची. झाकणाला हवा आत यायला बारीक नळी काढली, नाहीतर पेट्रोल खाली उतरायचंच नाही. हे सगळं मला कुणी शिकवलं नव्हतं. एकेक गोष्ट सुचत होती आणि मी एकटीच शेडमध्ये ‘वा गं माझ्या राणी’ म्हणत होते.

वेल्ड तर असा पडला की मी फोटो काढून ठेवला. बारीक खवल्यांची सरळ रांग, कुठे तुटलेली नाही की फुगलेली नाही. जेवून परत आले तर अण्णा टाकी घासायच्या चाकावर घेऊन बसले होते.

यात त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, हे लक्षात घ्या. आमच्या धंद्यात जोड दिसला म्हणजे काम उघडं पडलं. भांड्याला जोडाची कड राहिली तर तिच्यात अन्न अडकतं, वास मारतं, आणि हॉटेलवाला भांडं विकत घेताना पहिल्यांदा आतून बोट फिरवून बघतो. बोट अडलं की भांडं परत. म्हणून आमच्या शेडमधून बाहेर पडणारा प्रत्येक जोड आधी घासून सपाट व्हायचा, मग त्याला बफ मारून, म्हणजे कापडी चाकावर चमकवून, आरशासारखा करायचा. अण्णांनी पोरवयापासून तेच केलंय. अख्ख्या पीण्यात त्यांच्यासारखा जोड नाहीसा करणारा माणूस सापडायचा नाही. त्यांनी ती टाकी अशी चमकवली की मला तिच्यात माझे वाकडे दात दिसले. मी खूष. अक्का तर टाळ्याच वाजवायला लागली, “आरसाच हाय की गं!”

मग आम्ही पिंपाची करतो तशी परीक्षा केली. पाणी भरून एक रात्र ठेवली, सकाळी खालची फरशी कोरडी. पास.

रविवारी टाकीत पेट्रोल भरून अक्का देवनहळ्ळीकडे गेली. तिकडे शेतांचे प्लॉट पाडलेत, रस्ते नुसते खडी टाकून सोडलेत, गाडी खिळखिळी करायला त्याहून चांगली जागा नाही. निघताना तिनं पुरणपोळ्यांचा डबा टाकीशेजारी बांधला, येऊन सगळे मिळून खाऊ म्हणाली. दुपारी परत आली ती हसतच आली. हेल्मेट काढलं, डबा सोडला, झाकण उघडलं आणि तिचं हसू थांबलं.

पुरणपोळ्यांना पेट्रोलचा वास येत होता.

मी टाकीच्या खाली हात घातला. मागच्या कोपऱ्यावर बोट ओलं झालं. थेंब पडत नव्हता, नुसता ओलावा होता, पण तो ओलावा पाझरून खाली चालला होता आणि खालचं इंजिन तापून तडतडत होतं. या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला, माझ्या टाकीला पाठ लावून बसली, आणि मी तिला पेटवून मारलं असतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. लाजायचं काय त्यात, रडलेच.

अण्णा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, “झालं. बंद.”

अक्कानं मला उठवलं. “तिकडचे घाट बर्फानं बंद व्हायला अजून वेळ हाय,” ती म्हणाली. “मी थांबतो. पण कॅन बांधून जाणार नाही. टाकी झाली तर जाणार, नाहीतर घरीच बसणार.” आणि वासाच्या पुरणपोळ्यांचा डबा तसाच घेऊन व्हाइटफील्डला गेली.

दुसऱ्या दिवशी मी टाकी धुतली, उन्हात टाकली, पुन्हा धुतली, पाण्यानं भरूनच कापली. पेट्रोलची टाकी कोरडी कापून भडका उडवण्याइतकी वेडी मी नाही. कोपऱ्यावरच्या जोडात एक चीर होती, केस पडावा तशी. भिंग लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. चीर माझ्या वेल्डमध्ये होती, पण वेल्ड राहिला होता कुठे? घासून घासून तिथला धातू पत्र्यापेक्षाही पातळ झाला होता. सांबाराचं पिंप एका जागी उभं असतं, त्याला हे चालतं. ही टाकी दिवसभर एका सिलिंडरच्या धडधडीवर थरथरणार, तिचा सगळा जोर जोडातच, आणि तोच जोर आम्ही कौतुकानं घासून फेकून दिला होता. वर परीक्षा घेतली ती पाण्याची. पाणी जिथून जात नाही तिथून पेट्रोल खुशाल जातं.

मी तो तुकडा नेऊन अण्णांच्या समोर आपटला. “बघा! तुम्ही घासलंत!”

“घासलं! मग? आजवर घासत आलो ते काय झक मारली?”

“ही टाकी आहे, पिंप नाही!”

“मग घासत होतो तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी होती? तेव्हा ‘वा अण्णा, वा अण्णा’ करत होतीस!”

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. आम्ही दोघं असे भांडलो की पलीकडच्या शेडमधला पत्रा दाबायचा प्रेस बंद पडला. नंतर कळलं, लाइट गेली नव्हती, ऐकायला यावं म्हणून त्यांनी मुद्दाम बंद केला होता. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना रागापेक्षा दुःख झालं होतं. जन्मभर ज्या गोष्टीसाठी लोकांनी त्यांची पाठ थोपटली, तीच गोष्ट आज एका बाईच्या जिवावर आली असती. मला ते दिसत होतं, पण गोड बोलणं माझ्याकडे नाही. मी त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि ते तसंच उचललं.

सकाळी मी आले तर अण्णा माझ्या आधी हजर. टेबलावर सांबाराचं एक मोठं पिंप ठेवलेलं.

“याचा काठ आपण का वळवतो?” त्यांनी विचारलं.

“ताकद येते म्हणून. दोघांनी उचललं तरी वाकत नाही.”

“मग टाकीला का नाही वळवलास? दोन अर्ध्या वाट्या कर. दोन्हींचे काठ बाहेर वळव, सपाट. काठाला काठ चिकटव आणि कडेनं वेल्ड मार. जोड कोपऱ्यावर येणारच नाही. कोपरे नुसते वळवलेले, अखंड.”

मी बघतच राहिले. इतकं सरळ होतं! आणि ते मला सुचलं नव्हतं, याचा संतापही आला. “पण मग जोड बाहेर दिसणार,” मी म्हणाले. “सगळीकडून, पट्ट्यासारखा.”

“दिसणार.”

“आणि तुम्ही घासणार नाही?”

अण्णांनी घासायच्या चाकाकडे एकदा बघून घेतलं. “नाही घासणार.”

बोलणं सोपं होतं हो. नवी टाकी झाली, खवल्यांचा वेल्ड चारी बाजूंनी उघडा, आणि अण्णा तिच्याभोवती घुटमळायला लागले. येता-जाता अंगठ्यानं चाचपायचे. “इथे स्वल्प उंच आहे बघ, एवढंच जरा...” “अण्णा!” “नाही गं, नुसतं बघतोय.” पुन्हा थोड्या वेळानं, “लोक बघतील, म्हणतील या शेडला फिनिशिंग येत नाही.” “म्हणू देत!” शेवटी मी घासायचं चाकच काढलं आणि माझ्या डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं. हॉटेलची भांडी तेवढे दिवस पॉलिशविना थांबली. अण्णा हात पाठीमागे बांधून फिरायचे. शाळेतले गुरुजी वाटायचे.

टाकी गाडीला पक्की आवळायची नाही, हेही ठरवलं. पहिलीला मी बोल्टनं जखडून टाकलं होतं. या वेळी चारी पायांखाली जाड रबर दिलं, म्हणजे गाडीची थरथर सगळी टाकीत जाणार नाही.

आता परीक्षा. या वेळी अण्णांनीच कंबर कसली. आधी सायकलच्या पंपानं बेतानं हवा भरून जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. मग वहिनीकडून रांगोळी मागवली. पांढरी पूड पाण्यात कालवून जोडावर सगळीकडे लेप दिला, वाळवला, आणि टाकीत डिझेल भरलं. कुठे नजरेला न दिसणारं छिद्र असेल तरी पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. लेप पांढराच राहिला. मी नाचायला लागले तर अण्णांनी डोळे वटारले. “अजून हलवली कुठे आहे?”

हलवायची कशी? अक्काला पुन्हा खडीवर पाठवायला माझं मन धजेना. आणि तेव्हा अण्णांची नजर गेली कोपऱ्यात. एका हॉटेलचा डोशाच्या पिठाचा ग्राइंडर आमच्याकडे पाय बदलायला आला होता. जुना, मोठा, पाय असा हललेला की सुरू केला की गदगदा थरथरायचा आणि फरशीवरून सरकायचा. आमचा हा शोध, मला विचाराल तर, पेटंट घेण्यासारखा आहे! टाकी काठोकाठ पाण्यानं भरली, ग्राइंडरच्या सांगाड्याला रबरासकट बांधली आणि बटण दाबलं.

पण दगड रिकामा फिरवला तर झिजतो. म्हणून अण्णांनी तांदूळ आणि उडीद भिजत घालायला लावले. दगड फिरतोय, पीठ वाटलं जातंय, टाकी थडथडतेय, आणि अण्णा स्टूल टाकून समोर पहाऱ्याला. पीठ झालं की काढायचं, पुन्हा तांदूळ टाकायचे. असं सकाळपासून अंधार पडेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच. पीठ इतकं झालं की काय करायचं कळेना. आमची पिंपं भरली, मग गल्लीत वाटलं. प्रेसवाले, पावडर कोटिंगवाले, चहावाला, सगळ्यांच्या घरी डोसे. लोक विचारायला यायला लागले, “अण्णा, टाकी टेस्ट मत्ते यावाग?” म्हणजे पुन्हा कधी?

त्यानंतर टाकी सोडवली, पुन्हा लेप, पुन्हा डिझेल. आम्ही दोघं जमिनीवर उकिडवे बसलो आणि बघत राहिलो. पांढरं शुभ्र! अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, टाकीच्या चारी बाजूंनी फिरले.

“आता जाऊ दे तिला,” ते म्हणाले.

अक्का आली आणि टाकीवरून बोट फिरवून बघायला लागली. चकाकी नव्हती, मध्यावरून जाड उघडा पट्टा. “पहिली दिसायला देखणी होती नव्हं,” ती म्हणाली.

मी तोंड उघडणार तोच अण्णा बोलले, “अक्का, हा जोड दिसतोय म्हणून तुम्ही निर्धास्त जा.” त्यांच्या तोंडून असलं वाक्य! वडील असते तर खुर्चीतून पडले असते.

ती गेली. आणि मग सुरू झालं आमचं वाट बघणं. पहिले काही दिवस फोन यायचे, हैदराबाद झालं, नागपूर झालं, इथे जेवण वाईट, तिथे ट्रकवाला चांगला. मनालीहून एक आला, “उद्या चढतो,” आणि त्यानंतर काहीच नाही. तिकडे फोन लागत नाही हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग? इडलीच्या स्टीमरला वेल्ड मारताना मला त्या पुरणपोळ्यांचा वास यायचा. अण्णा तर फोनवर सारखं लडाखचं हवामान बघायचे. मी मागे जाऊन उभी राहिले की पटकन क्रिकेटचा स्कोअर लावायचे.

एक दिवस दुपारी चहा आला होता, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला.

“अगं, पलीकडे पोचलो मी!”

मी किंचाळले. अण्णा चहा टाकून धावले. मी फोन स्पीकरवर टाकला.

“अक्का, टाकी?”

“ऐक की! पार मधोमध पुढची संपली. माणूस नाही, पाखरू नाही, नुसते उघडे डोंगर. गाडीनं दोन आचके दिले. माझं काळीज हललं बघ. डावा हात मागं नेला, नळ फिरवला. आन् गाडीनं पुन्हा दम धरला की गं! थांबलोसुद्धा नाही मी! चालत्या गाडीवर!” ती हसत होती की रडत होती कळेना. “कुणाला हाक नाही मारली. कुणालाच नाही. एकटी गेलो मी, एकटी.”

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“अक्का, ते राहू दे. जोड बघा. आत्ता बघा. ओला आहे?”

“थांबा, वाकतो.” बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. “अण्णा, काही दिसत नाही हो.”

“म्हणजे?”

“म्हणजे धूळ बसलीय. जोडावर सगळीकडे धुळीचा थर.”

अण्णांचा चेहरा उतरला. पेट्रोल पाझरत असेल तर धूळ त्याला धरते, चिखलासारखी काळी होऊन चिकटून बसते. ते मला कळलं, त्यांनाही कळलं.

“अक्का,” अण्णा हळूच म्हणाले, “त्या धुळीवर फुंकर मारा.”

फोनमधून आवाज आला, लांबलचक, जोरदार. फूऽऽऽ. आणि मग ती खोकायला लागली.

“काय झालं? अक्का? काय झालं?”

“काय व्हायचंय! सगळी उडून माझ्या डोळ्यात गेली की हो!”

अण्णांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि ते दाराकडे गेले. इतकी वर्षं आमचं काम कुणी वाखाणलं, कुणी केलं म्हणून विचारलं, की त्यांचं एकच उत्तर असायचं, ‘आमच्या शेडमध्ये होतं.’ आज ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि प्रेसच्या आवाजावर आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असे कन्नडमध्ये ओरडले, “नम्म तंगी माडिद्दु! माझ्या बहिणीनं केलीय, माझ्या धाकट्या बहिणीनं!”